खांद्यामागचें हाड



आपल्या शरीरांतील कांहीं अवयवांची वाहवा फार होते. हृदयावर काव्यें झालीं, डोळ्यांवर त्याहून अधिक झालीं; बोटांवरून कारागिराची परीक्षा होते आणि छातीच्या रुंदीवरून पहिलवानाची. परंतु ज्या हाडाच्या आधारावांचून आपला हात डोक्यावर जाऊं शकत नाहीं, त्या खवाट्याविषयीं कोणी चार शब्द बोलल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. कारण उघड आहे. तें हाड आपल्या पाठीमागें असतें, आणि पाठीमागें राहून काम करणाऱ्यांची विचारपूस करण्याची चाल आपल्याकडे थोडी कमीच.

आजचें भाषण मी विशेषेंकरून पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यांतील श्रोत्यांस उद्देशून करीत आहें. या पट्ट्यांत दररोज लाखों हात वर उचलले जातात, ओढले जातात, दाबले जातात. त्या प्रत्येक हालचालीमागें एक त्रिकोणी हाड निमूटपणें सरकत असतें. तें सरकेनासें झालें म्हणजे मग माणूस म्हणतो, "हात दुखतो." दुखणें हाताचें असतें, दोष पुष्कळदां पाठींतला असतो.

प्रथम नांवाविषयीं थोडें. बोलण्यांत आपण यास खवाटा म्हणतों. जनावराच्या बाबतींत त्याच हाडास फरा हा शब्द आहे. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत याचें नांव अंसफलक. अंस म्हणजे खांदा आणि फलक म्हणजे फळी. नांव ठेवणाऱ्यानें हाड हातांत घेऊन पाहिलें असलें पाहिजे. कारण तें खरोखरच फळीसारखें चपटें असून मधल्या भागीं इतकें पातळ असतें कीं, उजेडासमोर धरल्यास त्यांतून प्रकाश झिरपतो. कडा मात्र जाड. दुसऱ्या बरगडीपासून सातव्या बरगडीपर्यंत तें पाठीवर टेंकलेलें असतें. त्याच्या मागील पृष्ठावर डोंगराच्या सोंडेसारखा एक उंचवटा आडवा जातो. तो बाहेरच्या बाजूस वर चढत जाऊन खांद्याच्या माथ्यावर संपतो. शिंपी सदऱ्याचें माप घेतांना ज्या हाडाच्या टोंकावर फीत टेंकवितो, तेंच त्याचें शेवटचें टोंक. पुढल्या बाजूस आणखी एक आंकडा आहे. तो कावळ्याच्या चोचीसारखा दिसतो म्हणून ग्रीक वैद्यांनीं त्यास कावळ्याचेंच नांव दिलें. आणि या दोहोंच्या खालीं, बाहेरच्या कोपऱ्यावर, एक उथळ वाटी आहे. या वाटींत दंडाच्या हाडाचा गोल माथा बसतो.

"बसतो" हा शब्द मीं वापरला खरा, पण तो फारसा बरोबर नाहीं. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या खोल उखळींत जसा रुतून बसतो, तसें येथें मुळींच नाहीं. दंडाचा गोळा मोठा आणि वाटी लहान. गोळ्याचा जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा एका वेळीं वाटीला लागलेला असतो. चहाच्या बशीवर मोसंबें ठेवून बशी फिरवीत राहावें आणि मोसंबें पडूं नये, असा हा प्रकार आहे. मोसंबें पडत नाहीं, कारण एक तर वाटीच्या कडेला कूर्चेची एक गोल किनार आहे; दुसरें म्हणजे खवाट्यापासूनच निघालेले चार स्नायु त्या गोळ्यास चहूंकडून कवटाळून वाटींत दाबून धरतात; आणि तिसरें, सर्वांत महत्त्वाचें, बशी स्वतःच मोसंब्याच्या मागें मागें फिरते. ही फिरणारी बशी म्हणजेच खवाटा.

आतां आपण बसल्या जागीं एक लहानसा प्रयोग करून पाहा. डावा हात उजव्या काखेखालून पाठीकडे न्या. बोटांना हाडाचें एक टोंक लागेल; तें खवाट्याचें खालचें टोंक. तेथें बोटें तशींच ठेवून उजवा हात बाजूनें सावकाश वर उचला. आरंभीं तें टोंक बहुतेक जागचें हालणार नाहीं. पण हात जसजसा खांद्याच्या पातळीकडे येईल, तसतसें तें बोटांखालून निसटून बाहेरच्या बाजूस, काखेच्या दिशेनें सरकूं लागेल. आणि हात कानाशीं पोंचेल तेव्हां तें बरेंच दूर गेलेलें आढळेल. अर्थात् जें आपण "हात वर केला" म्हणतों, त्यांत दोन हालचाली मिसळलेल्या असतात. हात मांडीजवळून निघून डोक्यावर सरळ उभा होईपर्यंत एकशें ऐंशी अंशांचा प्रवास करतो. त्यांतील सुमारें एकशें वीस अंश खांद्याच्या सांध्यांत होतात आणि उरलेले साठ अंश खवाटा पाठीवर फिरल्यामुळें मिळतात. बॉस्टन येथील शस्त्रवैद्य कॉडमन यांनीं 1934 सालीं खांद्यावर लिहिलेल्या ग्रंथांत या जोडगतीस ताल म्हटलें. पुढें 1944 सालीं इन्मन, सॉन्डर्स व ॲबट या तिघांनीं मोजमाप करून दोनास एक हें प्रमाण मांडलें. नंतरच्या अभ्यासकांनीं दाखविलें आहे कीं हें प्रमाण प्रत्येक माणसांत आणि प्रत्येक उंचीवर अगदीं नेमकें तेंच नसतें. तें खरें, पण तालाची कल्पना टिकली आहे. तबलजी चुकला म्हणजे गवई कितीहि चांगला असला तरी गाणें बिघडतें, तसेंच येथें.

हा खवाटा फिरवितो कोण? त्याला एकंदर सतरा स्नायु चिकटलेले आहेत. त्यांपैकीं मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला एक मोठा स्नायु आणि बरगड्यांवरून करवतीच्या दातांप्रमाणें निघून खवाट्याच्या आंतल्या कडेला जाऊन चिकटणारा दुसरा, हे दोघे मुख्य. आपल्या घरोघरीं पूर्वीं जातें असे. दोघी बाया समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत. एकीचा ओढा एका बाजूस, दुसरीचा दुसऱ्या बाजूस, आणि त्या दोन ओढ्यांनीं जातें मात्र गरगर फिरे. खवाट्याचें फिरणें याच जातीचें आहे. एक स्नायु वरचा कोपरा आंत ओढतो, दुसरा खालचा कोपरा बाहेर ओढतो, आणि मधलें हाड फिरतें. या दोघींपैकीं एकीचा हात सुटला तर काय होईल, तें पुढें सांगतों.

आश्चर्याची गोष्ट अशी कीं, बरगड्या आणि खवाटा यांच्यामध्यें हाडाला हाड जोडणारा सांधा मुळींच नाहीं. मध्यें मांसाचे थर आहेत आणि त्यांवरून तें घसरतें. सबंध हात धडाला हाडानें जोडलेला आहे तो एकाच ठिकाणीं, गळ्याखालच्या हांसळीच्या आडव्या हाडाच्या द्वारें. बैलाला हें हांसळीचें हाड नसतें. खेड-चाकणच्या बाजूस शर्यतीचे बैल अजून मोठ्या हौसेनें पोसले जातात. त्या धांवणाऱ्या बैलाकडे पुढून पाहिलें तर त्याचे पुढचे पाय केवळ पुढें आणि मागें जातात, बाजूला पसरत नाहींत, हें सहज लक्षांत येईल. त्याचें धड दोन फऱ्यांच्या मध्यें मांसाच्या झोळींत टांगल्यासारखें असतें. धांवण्यास हें फार सोयीचें. पण आपणांस झाडावर लोंबकळावयाचें होतें, दगड भिरकवावयाचा होता, डोक्यावरची हंडी उतरवावयाची होती. त्यासाठीं खांदा धडापासून दूर धरणारी एक आडवी काठी हवी, ती हांसळीची. स्थैर्य देऊन आपण स्वातंत्र्य विकत घेतलें असें म्हणावयास हरकत नाहीं, आणि त्याची किंमतहि मधून मधून मोजावी लागते.

ही किंमत आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. सुश्रुतसंहितेंत एकशें सात मर्मस्थानें सांगितलीं आहेत. म्हणजे जेथें आघात झाला असतां प्राणावर किंवा अवयवावर बेततें अशीं ठिकाणें. त्यांत अंसफलक हें एक मर्म पाठीवर दोन्ही बाजूंस दिलें असून तेथें दुखापत झाल्यास बाहु बधिर होतो किंवा सुकतो, असें सांगितलें आहे. हाड मोडलें तर दुखेल, सुजेल. पण हात सुकण्याचें कारण काय? आज आपण त्याचें उत्तर देऊं शकतों. खवाट्याच्या वरच्या कडेला एक खांच आहे आणि त्या खांचेंतून एक मज्जातंतु मागल्या स्नायूंकडे जातो. शिवाय सगळ्या हाताचे मज्जातंतु मानेंतून निघून खवाट्याच्या पुढून, काखेच्या वाटेनेंच खालीं उतरतात. तेथें मार बसला किंवा ताण पडला कीं स्नायु वाळूं लागतात. मज्जातंतूंची आजची माहिती नसतांहि हा कार्यकारणसंबंध ज्यांनीं टिपून ठेविला, त्यांच्या निरीक्षणाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाहीं.

आतां पिंपरीकडे वळूं. 1954 सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, 1962 सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि मोरया गोसावींच्या समाधीमुळें प्रसिद्ध असलेल्या चिंचवडाच्या आसपास मोटारी, स्कूटरी, टेम्पो यांचे कारखाने उभे राहत गेले. नव्या शतकाच्या आरंभास हीच लाट चाकणपर्यंत पोंचली. संग्रामदुर्गाच्या ज्या चाकणानें 1660 सालीं शाइस्तेखानाच्या फौजेस फिरंगोजी नरसाळ्यांच्या हाताखालीं पन्नासाहून अधिक दिवस थोपवून धरलें, त्या चाकणाच्या माळावर आज मोटारी तयार होऊन बाहेर पडतात.

मोटार तयार होतांना तिचा सांगाडा सरकत्या पट्ट्यावर किंवा वरून टांगलेल्या आंकड्यांवर पुढें पुढें जात असतो. ज्या ठिकाणीं गाडीच्या पोटाखालचें काम असतें, तेथें कामगार खड्ड्यांत किंवा गाडीखालीं उभा राहून, दोन्ही हात डोक्याच्या वर धरून हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रानें बोल्ट आंवळतो. एक गाडी गेली कीं दुसरी येते. यंत्र फारसें जड नसतें, बोल्टहि लहानच. पाहुण्याला वाटतें, यांत काय श्रम आहेत? परंतु आपण स्वतः रिकामा हात डोक्यावर पांच मिनिटें धरून पाहावा, म्हणजे समजेल.

घडतें तें असें. खांद्याच्या माथ्यावर हाडाचें जें छप्पर आहे, त्याच्या आणि दंडाच्या गोळ्याच्या मध्यें एक चिंचोळी फट असते. या फटींतून एका स्नायूची कंडरा जाते. हात वर जातांना खवाटा नीट फिरला आणि किंचित् मागें कलला, तर छप्पर वेळेवर वर उचललें जातें आणि कंडरेला वाट मिळते. पण खवाटा फिरविणारे स्नायुच थकले तर? मग गोळा वर येतो, छप्पर जागचें उठत नाहीं, आणि कंडरा दारांत बोट सांपडावें तशी चेमटते. एकदां चेमटली तर कांहीं नाहीं. एका पाळींत शेंकडों वेळां, आठवड्याचे सहा दिवस, असें वर्षानुवर्षें होत राहिलें म्हणजे ती सुजते, झिजते, पुढें तिचे धागे उसवतात. आणि कधीं ती पुरती तुटते. मग रात्रीं त्या कुशीवर झोंप लागत नाहीं आणि सदरा काढतांना डोळ्यांत पाणी उभें राहतें.

यावर औषध म्हणून कारखान्यांत बहुधा मलम आणि गोळी मिळते, आणि फार झालें तर व्यायामाचा एक छापील कागद. व्यायामाविरुद्ध माझें कांहीं म्हणणें नाहीं. खवाटा धरून ठेवणारे स्नायु बळकट करणें हा या दुखण्याच्या उपचाराचा खरोखरच गाभा आहे, आणि जाणत्या व्यायामोपचार करणाऱ्याच्या देखरेखीखालीं कांहीं आठवडे नेटानें तो केला असतां शस्त्रक्रिया टळल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. परंतु दिवसांतून पंधरा मिनिटें व्यायाम आणि आठ तास तेंच चेमटणें, हा हिशेब कसा जुळावा? माणसाचा खांदा कामाच्या उंचीला जुळवून घेण्यापेक्षां कामाची उंची माणसाच्या खांद्याला जुळविणें सोपें. गाडीचा सांगाडाच कुशीवर वळवून तिचें पोट कामगाराच्या छातीसमोर आणणारे आंकडे जगांत निघालेले आहेत व वापरांतहि आहेत. त्यांना पैसे पडतात, हें खरें. पण तुटलेल्या कंडरेलाहि पैसे पडतात. ते कोणाच्या खिशांतून जातात, एवढाच फरक आहे. कंत्राटावरचा मुलगा तर आपलें दुखणें मुकादमास सांगतच नाहीं, कारण उद्यां त्याच्या जागीं दुसरा उभा राहील हें त्याला ठाऊक असतें. वैद्यापाशीं तो येतो तो हात खांद्याच्या वर जाईनासा झाल्यावर.

ओझ्याचा प्रश्न याहून जुना आहे. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार प्रसिद्ध आहे, आणि जेथें बाजार तेथें हमाल. पाठीवर घेतलेलें पोतें दोन खवाट्यांच्या पसरट पाटावर टेंकतें, म्हणून तर माणूस वांकतो. वांकला नाहीं तर तो पाट तयारच होत नाहीं. शंभर किलोंचें पोतें ही पूर्वीं नेहमींची गोष्ट होती. 1948 सालच्या कारखान्यांच्या कायद्यांत इजा होण्याजोगें जड ओझें कामगारास उचलावयास लावूं नये असें कलम घातलें गेलें. 1967 सालीं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें एका प्रौढ पुरुषानें उचलावयाच्या ओझ्यास पंचावन्न किलोंची मर्यादा सुचविली. आणि 1969 सालीं महाराष्ट्रांत माथाडी व हमाल कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. "माथाडी" हा शब्द माथ्यावरून आला. पण माथ्यावरचें असो वा पाठीवरचें, तें ओझें उचलतांना, धरतांना आणि उतरवितांना मान व खांदे यांना आपला वांटा द्यावाच लागतो.

जड पट्टा किंवा ओझें खांद्यावर वारंवार दाबून राहिल्यानें एक चमत्कारिक दुखापत होते. बरगड्यांवरून जाणाऱ्या त्या करवती स्नायूचा मज्जातंतु लांब आणि बारीक असतो, आणि मानेपासून बरगड्यांच्या कडेनें तो बराच उघड्यावर उतरतो. तो ताणला गेला कीं स्नायु लुळा पडतो. मघाशीं सांगितलेल्या दोघींपैकीं एकीचा हात येथें सुटतो. अशा माणसास भिंतीसमोर उभें करून दोन्ही तळहातांनीं भिंत ढकलावयास सांगावें, आणि पाठीमागून पाहावें. त्या बाजूचा खवाटा पाठीपासून सुटून पक्ष्याच्या पंखासारखा बाहेर उभा राहतो. हा पंख पाहून घरची माणसें घाबरतात. कोणी म्हणतें हाड सरकलें, कोणी तें बसवून घेण्यासाठीं हाडवैद्याकडे नेतात. हाड सरकलेलें नसतें, त्याला धरून ठेवणारा दोर सैल झालेला असतो. त्यावर दाबादाबी करून उपयोग नाहीं, उलट हानि होईल. मज्जातंतु तुटलेला नसून केवळ ताणलेला असेल तर पुष्कळ रोग्यांत तो हळूहळू सुधारतो. मात्र त्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत काळ लागतो. तोंवर ओझें बंद. हा उपाय सांगावयास सोपा. हमालास तो ऐकवितांना वैद्याचीहि जीभ अडखळते.

खवाटा मोडण्याची गोष्ट वेगळी आहे. हें हाड सहसा मोडत नाहीं. सगळ्या अस्थिभंगांत खवाट्याचे शंभरांत एकाहूनहि कमी. पुढें बरगड्यांची गादी, मागें स्नायूंचें जाड पांघरूण, आणि स्वतः हाड मोकळें असल्यानें धक्का बसतांच सरकून जाणारें. त्यामुळें तें वांचतें. म्हणूनच तें मोडलेलें आढळलें तर वैद्यानें हाडाकडे नंतर आणि छातीकडे आधीं पाहिलें पाहिजे. जो मार एवढें सुरक्षित हाड फोडतो, तो त्याच्या पुढल्या बरगड्या आणि बरगड्यांपुढलें फुप्फुस यांना सोडील असें मानणें धोक्याचें. खवाटा मोडलेल्यांपैकीं बहुसंख्यांना दुसरी कोठली ना कोठली गंभीर इजा झालेली असते.

समजा, रात्रपाळी संपवून एक तरुण चाकण-तळेगांव रस्त्यानें दुचाकीवरून घरीं निघाला आहे आणि एका मालमोटारीची त्यास धडक बसली. तो उठून बसतो, बोलतो, पाणीहि मागतो. पाठींत दुखतें एवढीच त्याची तक्रार. मित्र म्हणतात, मुका मार आहे, शेकावें म्हणजे बरें होईल. त्या मुक्या मारांत खवाटा मोडलेला असूं शकतो आणि फुप्फुसाभोंवतीं हवा किंवा रक्त सांचूं लागलेलें असूं शकतें. दोन-चार तासांनीं श्वास लागतो, आणि तेव्हां धांवाधांव सुरू होते. छातीच्या साध्या चित्रांतहि खवाट्याची भेग बरगड्यांच्या सांवल्यांत लपून नजरेंतून सुटते. संशय असल्यास आडवे छेद दाखविणारें चित्र काढावें लागतें. अशा वेळीं शेकत बसूं नये, छाती तपासून घ्यावी, हें मला येथें अगदीं निक्षून सांगावयाचें आहे.

याहूनहि भयंकर एक प्रकार आहे. दुचाकी आपटतांना स्वार फेंकला जातो, पण त्याची मूठ दांड्यावर घट्ट असते. किंवा कारखान्यांत बाही फिरत्या पट्ट्यांत सांपडून हात ओढला जातो. वरून कातडें शाबूत, जखम नाहीं. पण आंत खवाटा बरगड्यांपासून उपटला जाऊन बाहेर सरकलेला असतो, हाताची रक्तवाहिनी फाटलेली असते, मज्जातंतु मुळापासून तुटलेले असतात. सुजलेल्या खांद्याखालीं मनगटाची नाडी लागत नाहीं, बोटें हालत नाहींत. येथें घटकेघटकेला महत्त्व आहे. म्हणून अपघातग्रस्ताची दुसरी कांहीं परीक्षा करतां येत नसली, तरी दोन्ही मनगटांच्या नाड्या लागतात कीं नाहीं आणि दोन्ही हातांचीं बोटें हालतात कीं नाहीं, एवढें जवळच्या माणसानें पाहावें आणि इस्पितळांत पोंचतांच सांगावें. विजेच्या धक्क्यानें देखील खवाटा मोडूं शकतो. तेथें बाहेरून मार बसलेलाच नसतो. स्नायु एकदम इतक्या जोरानें आखडतात कीं ते आपलेंच हाड फोडतात.

एरवीं नुसता मधला पातळ भाग मोडला असेल तर तें हाड मोठ्या समजूतदारपणें जुळतें. भोंवतीं मांस आणि रक्त भरपूर असल्यानें सुमारें सहा आठवड्यांत सांधतें, आणि बहुधा शस्त्रक्रियेची गरज पडत नाहीं. दोन-तीन आठवडे हात झोळींत, आणि वैद्याची अनुज्ञा मिळतांच हळूहळू हालचाल. भेग वाटींत शिरली असेल व तुकडे सरकले असतील, तर मात्र शस्त्रवैद्याला हात घालावा लागतो. झोळीचा लोभ वाईट. गरजेपेक्षां अधिक दिवस हात बांधून ठेवला तर हाड जुळतें आणि खांदा आखडतो. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा तर कांहीं निमित्त नसतांहि आखडतो, हें त्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावें.

या हाडाच्या बळाचें जें उदाहरण मला सर्वांत अधिक आवडतें, तें मुरलीकांत पेटकर यांचें. सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचा हा सैनिक मूळचा मुष्टियोद्धा. 1965 च्या युद्धांत गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि त्यांचे पाय निकामी झाले. पुढें ते पोहूं लागले, आणि 1972 सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेंत पन्नास मीटर पोहण्यांत 37.33 सेकंदांत सुवर्णपदक मिळविलें. या स्पर्धांतील भारताचें तें पहिलें सुवर्णपदक. पुढें त्यांनीं पुण्याच्या टेल्कोंत नोकरी केली, आणि 2018 सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. ज्याच्या पायांची पाण्यांत मदत नाहीं, तो शरीर पुढें ओढतो तें खांद्यांनीं. आणि हात पाणी मागें रेटीत असतांना त्या रेट्यास टेंकावयास जी भिंत लागते, ती भिंत खवाटा होय. ती भिंत स्थिरहि राहिली पाहिजे आणि प्रत्येक हातागणिक सरकलीहि पाहिजे. चाकांच्या खुर्चीवर वावरणाऱ्या कोणाहि माणसाचें रोजचें जिणें याच दोन हाडांवर चालतें, आणि म्हणून त्याच्या खांद्याचें दुखणें हें त्याच्या पायांचेंहि दुखणें असतें.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतों, कारण तिच्यावांचून हें भाषण धोक्याचें ठरेल. खवाट्यांत दुखलें म्हणजे खवाटाच बिघडला असें नव्हे. पित्ताशयाची कळ उजव्या खवाट्याच्या खालच्या टोंकाशीं उमटते. मानेचा मणका दबला तरी वेदना दोन खवाट्यांच्या मध्यें येते. हिंजवडीस दिवसभर संगणकासमोर मान पुढें काढून बसणाऱ्यांस ही जागा चांगली परिचित आहे. आणि हृदयविकाराचा झटकाहि कधीं कधीं छाती सोडून पाठींत, खवाट्यांच्या मध्यें दुखवितो. हात हालविला असतां वेदना वाढते कीं नाहीं, हें पाहावें. हात कसाहि हालविला तरी तिच्यांत फरक नाहीं, शिवाय घाम, धाप किंवा मळमळ आहे, तर तेल चोळीत बसूं नये. तात्काळ इस्पितळ गांठावें.

आणि ज्यांचें दुखणें खरोखर खांद्याचें आहे, त्यांनीं वैद्याकडे जातांना "येथें दुखतें" एवढेंच सांगून थांबूं नये. हात कोठवर गेला असतां कळ सुरू होते आणि कोठें थांबते, तें आधीं घरीं आरशासमोर पाहून ठेवावें. बाजूनें हात उचलतांना सुमारें साठ अंशांपासून एकशें वीस अंशांपर्यंतच दुखत असेल आणि त्यापुढें कळ कमी होत असेल, तर मघाशीं वर्णन केलेलें छपराखालचें चेमटणें असण्याचा संभव अधिक. सर्व दिशांनीं हात अडतच असेल, दुसऱ्यानें उचलूनहि तो जात नसेल, तर सांधा आखडलेला असण्याचा संभव अधिक. दुसऱ्यानें उचलला तर जातो पण स्वतः उचलतां येत नाहीं, असें असेल तर कंडरा तुटली आहे कीं मज्जातंतु दुखावला आहे, हें वैद्य पाहील. कामावर आपण उभें कोठें राहतों, हात किती उंच धरतों आणि एका पाळींत किती वेळां, हेंहि त्यास सांगावें. तो विचारीलच असें नाहीं. तपासतांना सदरा काढावयास त्यानें सांगितलें नाहीं, तर आपण होऊन काढावा आणि त्याच्याकडे पाठ करून उभें राहावें.